डायलिसिसची नळी आणि राखून ठेवण्याची शीर

माझ्याकडे गेली अनेक वर्षे येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही म्हणतो. मधुमेह जुना, त्याच्या जोडीला रक्तदाब. हल्ली आठवड्यातून तीन दिवस ते डायलिसिसला जातात आणि ते चार तास उजवा हात जराही हलवत नाहीत, कारण दोन्ही सुया त्याच हातात टोचलेल्या असतात. ज्या हाताने त्यांनी जन्मभर फळ्यावर वळणदार अक्षर काढले, तोच हा हात. “आजोबांच्या डाव्या हातात का नाही टोचत?” असे त्यांच्या नातवाने मला मागच्या महिन्यात विचारले. प्रश्न साधा होता. उत्तर मात्र लांब आहे आणि त्यात थोडा दोष माझाही आहे. म्हणून आजचा लेख त्या उत्तरासाठी.

नळी लागते कशासाठी?

डायलिसिसच्या यंत्रात मिनिटाला साधारण 300 मिलिलिटर रक्त शरीरातून बाहेर येते, शुद्ध होते आणि परत शरीरात जाते. चार तासांचा हिशेब केला तर सुमारे 72 लिटर रक्त या फेऱ्यांतून जाते. आपल्या शरीरात रक्त असते जेमतेम पाच लिटर. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असते. सलाईन लावण्यासाठी हातात घालतो ती बारीक नळी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. तिच्यातून आणि हाताच्या साध्या शिरेतून एवढा प्रवाह मिळणे शक्यच नाही.

यावरचा उत्तम उपाय म्हणजे फिस्टुला. मनगटाजवळ किंवा कोपराजवळ रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी, आणि नीला, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणारी वाहिनी, लहानशा शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडतात. रोहिणीचे जोरदार रक्त थेट नीलेत शिरू लागले की काही आठवड्यांत ती नीला रुंद आणि जाड भिंतीची होते. मग तिच्यात वारंवार सुया टोचता येतात. न्यूयॉर्कमधील ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत 1966 मध्ये जगापुढे मांडली. इतकी वर्षे लोटली, तरी तिच्याहून टिकाऊ मार्ग अद्याप सापडलेला नाही.

अडचण वेळेची आहे. फिस्टुला ‘पिकायला’ सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत अवधी लागतो. रुग्ण मात्र पुष्कळदा मध्यरात्री येतो. धाप लागलेली, फुप्फुसांत पाणी साठलेले, रक्तातील पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर पोहोचलेले. त्या क्षणी थांबायला वेळ नसतो. तेव्हा मानेतील, जांघेतील किंवा गळ्याखालच्या आडव्या हाडामागील मोठ्या नीलेत सुमारे चार मिलिमीटर जाडीची, दोन कप्पे असलेली नळी घालतात. तिचे नाव कॅथेटर. एका कप्प्यातून रक्त बाहेर येते, दुसऱ्यातून आत जाते. थोड्या दिवसांसाठी घालतात ती साधी नळी. अधिक काळ लागणार असेल तर त्वचेखालून काही अंतर नेऊन मग नीलेत सोडतात, तिला आपल्याकडे सगळे ‘परमकॅथ’ म्हणतात.

ही नळी जीव वाचवते, हे मी आधीच स्पष्ट लिहून ठेवतो. पुढचे वाचून कोणी आणीबाणीच्या वेळी नळीला नकार देऊ नये. पण ती कोठे घातली जाते, कशी घातली जाते आणि किती दिवस आत राहते यावर रुग्णाची पुढची अनेक वर्षे अवलंबून असतात. ते कुटुंबाला ठाऊक असायला हवे.

घालताना काय बिघडू शकते?

नळी घालण्याची पद्धत सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती 1953 मध्ये प्रसिद्ध केली. आधी सुईने नीला गाठायची, सुईतून लवचिक तार आत सोडायची, सुई काढायची, तारेवरून वाट रुंद करणारी टोकदार नळी घालून काढायची आणि शेवटी त्याच तारेवरून कॅथेटर आत सरकवायचे. क्रम सोपा वाटतो. परंतु प्रत्येक पायरीला एक धोका असतो.

मानेत नीला आणि मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी अगदी शेजारी-शेजारी असतात. कुणाची नीला रोहिणीच्या बाजूला असते, तर कुणाची चक्क तिच्यावर चढलेली. नुसत्या हाताच्या अंदाजाने सुई घातली, तर ती रोहिणीत जाऊ शकते. केवळ सुईच गेली असेल, तर ती काढून काही मिनिटे घट्ट दाबून धरल्यावर बहुधा भागते. मात्र जाड कॅथेटर रोहिणीत गेले असेल, तर ते घाईने ओढून काढणे अधिक घातक ठरते. तेवढ्या मोठ्या छिद्रातून रक्त मानेत साठते, श्वासनलिकेवर दाब येतो, कधी मेंदूचा रक्तपुरवठा अडून पक्षाघात होतो. अशा वेळी नळी आहे तिथेच ठेवून रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाला बोलावणे हा शहाणपणाचा मार्ग. नातेवाईक “आधी ती नळी काढा” म्हणून आग्रह धरतात. तो आग्रह समजण्यासारखा असला, तरी तेव्हा डॉक्टरांना थोडा वेळ दिला पाहिजे.

सुई फुप्फुसाच्या टोकाला लागली, तर छातीत हवा साठून फुप्फुस दबते. गळ्याच्या हाडामागून नळी घालताना हा धोका अधिक असतो. वाट रुंद करणारी टोकदार नळी फार आत गेली, तर मोठ्या नीलेची भिंत फाटून छातीत रक्तस्राव होऊ शकतो. तार हृदयाला स्पर्शली की ठोके काही क्षण अनियमित होतात; तार मागे घेतली की बहुतेक वेळा ते पूर्ववत होतात. नळीचे तोंड उघडे राहिले, तर श्वास आत घेताना हवा रक्तात ओढली जाऊ शकते. म्हणूनच मानेत नळी घालताना आणि काढतानाही रुग्णाचे डोके खाली ठेवतात. जांघेतील नळीला फुप्फुसाचा धोका नाही, पण तेथे रोहिणीला इजा झाली तर रक्त पोटाच्या मागच्या भागात नकळत साठत जाते. बाहेर काही दिसत नाही. फक्त कंबर किंवा कूस दुखते, घाम फुटतो, रक्तदाब उतरत जातो.

या सगळ्या संकटांवर गेल्या काही दशकांत सर्वांत मोठा उतारा मिळाला तो सोनोग्राफीचा. पडद्यावर नीला आणि रोहिणी दोन्ही दिसतात. हलके दाबले की नीला चपटी होते. रोहिणी सहसा तशी दबत नाही, ती उडत राहते. सुई कोठे जाते आहे हे डोळ्यांनी पाहता येते. इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने मानेतील नळीसाठी सोनोग्राफी वापरावी असे 2002 मध्येच सांगितले. आपल्याकडे तालुक्याच्या गावीही आता सोनोग्राफीची यंत्रे आहेत. “नळी सोनोग्राफीत पाहून घालणार ना?” एवढा एक प्रश्न नातेवाइकांनी नम्रपणे विचारावा. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. मान किंवा छातीकडून नळी घातल्यावर एक्स-रे काढून तिचे टोक योग्य जागी आहे ना आणि फुप्फुस ठीक आहे ना, हेही पाहिले जाते.

उशिरा दिसणारी हानी

घालतानाची संकटे दिसतात, धावपळ होते, उपचार होतात. दुसऱ्या प्रकारची हानी मात्र गुपचूप होते आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

नीलेचे आतले अस्तर अतिशय नाजूक असते. त्यावर परकी नळी दिवसरात्र घासत राहते. प्रत्येक श्वासाबरोबर, मानेच्या प्रत्येक हालचालीबरोबर. डायलिसिसच्या वेळी तिच्यातून वेगाने रक्त सुटते. अस्तर दुखावते, त्यावर गुठळी धरते, मग व्रण भरताना भिंत जाड होते आणि नीला आतून अरुंद होत जाते. नळीभोवतीही एक पातळ आवरण तयार होते. त्यामुळे प्रवाह मिळेनासा होतो आणि यंत्र सारखे इशारे देऊ लागते.

कोणती नीला निवडली, यावर या हानीचे प्रमाण ठरते. उजव्या मानेतून हृदयापर्यंतची वाट जवळजवळ सरळ आहे, म्हणून पहिली पसंती तिला. डाव्या बाजूची वाट लांब आणि वळणांची, त्यामुळे घर्षण जास्त. गळ्याच्या हाडामागील नीला एके काळी फार वापरली जाई, कारण तिथे नळी असली तरी मान मोकळी राहते आणि रुग्णाला सुखाचे वाटते. पुढे ध्यानात आले की हीच नीला सर्वाधिक अरुंद होते. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या नीलेत नळी घातलेल्या 50 रुग्णांपैकी 42 टक्क्यांमध्ये ती अरुंद झालेली आढळली. मानेतील नीला वापरलेल्या 50 रुग्णांमध्ये हे प्रमाण 10 टक्के होते. आणि हाताचे सारे रक्त परत जाते ते याच हाडामागील नीलेतून. ती बंद होणे म्हणजे त्या बाजूच्या हाताचा फिस्टुला धोक्यात येणे.

जांघेतील नळीमुळे पायाच्या मोठ्या नीलेत गुठळी होऊन पाय सुजू शकतो. शिवाय किडनी प्रत्यारोपणात नवी किडनी ओटीपोटातील ज्या नीलेला जोडतात, तिचीच ही खालची वाट. प्रत्यारोपणाचा विचार असेल, तर ती बाजू जपावी लागते.

गुरुजींचा डावा हात

आता नातवाच्या प्रश्नाकडे येतो.

गुरुजींचे क्रिएटिनिन 3 च्या पुढे गेले, तो अहवाल मीच पाहिला होता. मी त्यांना किडनीतज्ज्ञांकडे पाठवले. तज्ज्ञांनी डाव्या हाताला फिस्टुला करून ठेवायला सुचवले. गुरुजी माझ्याकडे परत आले आणि म्हणाले, “डॉक्टर, लघवी तर अजून व्यवस्थित होते. आत्तापासून हात कशाला चिरून घ्यायचा?” मी त्यांना ठामपणे सांगायला हवे होते की लघवी होणे आणि किडनीने रक्त शुद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, डायलिसिसच्या उंबरठ्यावर असलेल्या अनेकांना लघवी भरपूर होत असते. मी म्हणालो, “बघू पुढच्या वेळी.” त्या दिवशी बाहेर बाकावर पंधरा-वीस रुग्ण बसलेले होते. हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही.

इतकेच नव्हे. मधल्या काळात ताप आणि जुलाबांसाठी त्यांना माझ्याच दवाखान्यात दोनदा सलाईन लावली गेली, तीही डाव्या मनगटाजवळच्या शिरेत. उजवा हात मोकळा राहिलेला बरा, या विचाराने. जी शीर फिस्टुलासाठी राखून ठेवायची, तीच आम्ही सुयांनी जखमी केली.

पुढे एका रात्री त्यांना धाप लागली. शहरातील रुग्णालयात नेले. तिथे डाव्या गळ्याच्या हाडामागील नीलेत नळी घालून तातडीने डायलिसिस झाले. त्या रात्री जे सर्वांत लवकर साधले ते तेथील डॉक्टरांनी केले आणि गुरुजी वाचले. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तात्पुरती नळी तात्पुरती राहिली नाही. फिस्टुला कधी करायचा, कुठे करायचा, पैसे कसे उभे करायचे यात जवळजवळ दोन महिने गेले आणि तोवर नळी तिथेच राहिली. अखेर डाव्या हाताला फिस्टुला झाला, नळी निघाली आणि सर्वांना हायसे वाटले.

चार महिन्यांनी सूनबाई घाईघाईने आल्या. “डॉक्टर, बाबांचा डावा हात खांद्यापर्यंत सुजलाय. सुया काढल्यावर रक्तही लवकर थांबत नाही.” मी शर्ट काढून पाहिले. खांद्यावर आणि छातीच्या डाव्या बाजूला निळ्या शिरांचे जाळे उमटले होते. मुख्य वाट अडली की रक्त आडवाटा शोधते. त्या आडवाटाच कातडीवर दिसत होत्या. नीला अरुंद झाली होती ती नळीच्या काळातच. फिस्टुलामुळे हातात रक्ताचा लोंढा वाढला, तेव्हा ते उघडकीस आले.

रुग्णालयात फुग्याच्या साहाय्याने नीला रुंद केली. सूज उतरली, काही महिन्यांनी पुन्हा आली. पुन्हा फुगा, पुन्हा खर्च, पुन्हा सूज. शेवटी डावा फिस्टुला बंद करून उजव्या हाताला नवा करावा लागला. तो उत्तम चालतो आहे. गुरुजींनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. फक्त एकदा म्हणाले, “वर्तमानपत्रातले शब्दकोडे आता यंत्रावर बसून सोडवता येत नाही, एवढेच.”

कुटुंबाने काय करावे?

घरात कुणाची किडनी हळूहळू निकामी होत असेल, तर पुढील गोष्टी आजच सुरू करता येतात.

पहिली गोष्ट, ज्या हाताने रुग्ण लिहीत-जेवत नाही, त्या हाताच्या शिरा राखून ठेवा. तपासणीसाठी रक्त घ्यायचे असो वा सलाईन लावायची असो, सुई शक्यतो पंजाच्या पाठीवरील शिरेत द्यायला सांगा. प्रयोगशाळेतला मुलगा घाईत असेल, तरीही सांगा. फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहा : ‘डाव्या हातात सुई नको.’

दुसरी, फिस्टुला वेळेत करा. डायलिसिस लागण्याच्या साधारण सहा महिने आधी तो झालेला बरा. तज्ज्ञ सुचवतील तेव्हा “अजून लघवी होते” हे कारण सांगू नका. त्याच वेळी पोटाच्या डायलिसिसचा पर्यायही विचारा; त्यात रक्तवाहिन्यांना हात लावावा लागत नाही.

तिसरी, नळी घालावीच लागली तर तीन प्रश्न विचारा : कोणत्या नीलेत आणि कोणत्या बाजूला? सोनोग्राफीत पाहून का? आणि ही निघणार कधी? साधी नळी मानेत साधारण दोन आठवड्यांपेक्षा अधिक ठेवू नये. त्याहून जास्त काळ लागणार असेल तर परमकॅथचा विचार व्हावा. परमकॅथ सोयीची वाटते, सुयाही टोचाव्या लागत नाहीत, म्हणून “हीच राहू द्या” असे पुष्कळ जण म्हणतात. ती सोय पुढे महागात पडू शकते.

चौथी, प्रत्येक नळीची नोंद ठेवा : घातल्याची तारीख, बाजू, नीलेचे नाव आणि काढल्याची तारीख. फिस्टुला कोणत्या हाताला करायचा हे ठरवताना शल्यचिकित्सकाला ही चार शब्दांची नोंद फार उपयोगी पडते. गरज वाटल्यास ते आधी नीलांची तपासणी करून घेतात.

पाचवी, डायलिसिसच्या नळीतून दुसऱ्या कुणालाही रक्त काढू देऊ नका किंवा औषध देऊ देऊ नका. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून औषध भरून ठेवलेले असते. ते एकदम शरीरात गेले, तर रक्तस्रावाचा धोका असतो. आणि जितक्या वेळा झाकण उघडेल, तितका जंतूंचा शिरकाव सोपा.

आता धोक्याच्या खुणा. नळी असताना थंडी वाजून ताप येणे, विशेषतः डायलिसिस सुरू झाल्यावर हुडहुडी भरणे, हे रक्तात जंतू शिरल्याचे लक्षण असू शकते. घरी क्रोसिन देऊन वाट पाहू नये. नळीच्या बाजूचा हात किंवा पाय सुजणे, सकाळी उठल्यावर चेहरा आणि मान सुजलेली दिसणे, छातीवर शिरा उमटणे, फिस्टुलाच्या सुया काढल्यावर रक्त बराच वेळ न थांबणे, या सर्व नीला अरुंद होत असल्याच्या खुणा. नळीचे झाकण निघाले तर तिची चिमटी ताबडतोब बंद करा. मानेतील नळी चुकून निसटली तर रुग्णाला लगेच आडवे करा, स्वच्छ कापडाने ती जागा घट्ट दाबून धरा आणि दाब न सोडता रुग्णालय गाठा. झाकण निघाल्यावर किंवा नळी निसटल्यावर एकाएकी धाप लागली, तर रुग्णाला डाव्या कुशीवर, डोके खाली ठेवून झोपवा आणि तशाच स्थितीत न्या.

ज्यांचा फिस्टुला झाला आहे त्यांनी त्यावर रोज बोटे ठेवून थरथर जाणवते का ते पाहावे. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, घट्ट घड्याळ वा बांगड्या घालू नयेत, त्यावर डोके ठेवून झोपू नये. थरथर थांबली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

माझ्या दवाखान्यातही एक बदल झाला आहे. ज्या रुग्णाच्या किडनीचे काम उतरणीला लागले आहे, त्याच्या केसपेपरच्या कोपऱ्यावर मी लाल शाईने एका हाताचे चित्र काढतो आणि त्यावर फुली मारतो. आमच्या सिस्टरबाई ती फुली पाहिल्याशिवाय सुई हातात घेत नाहीत. पहिल्यांदा हे चित्र मी गुरुजींना दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते नीट पाहिले. म्हणाले, “डॉक्टर, चित्रकलेत तुम्हाला पस्तीस गुण. पण पास आहात.”